प्रस्तावना : उतार, वाट आणि किंमत

मुंबईतल्या मनोरीच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस खाडीच्या मुखाशी पाण्याचा खारेपणा समुद्राच्या जवळ जातो, म्हणजे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. तहानलेल्या माणसाने हे पाणी प्यायले तर तहान भागण्याऐवजी वाढते. एवढे मीठ बाहेर टाकण्याइतके खारट मूत्र आपल्या मूत्रपिंडांना तयार करता येत नाही, त्यामुळे जितके प्यावे त्याहून जास्त पाणी शरीराला गमवावे लागते. याच पाण्यात तिवराची झाडे मुळे रोवून उभी आहेत. बोई आणि जिताडा त्यात पोहतात, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे करतात. तिवराच्या खोडातून वर चढणारा रस जवळजवळ गोडा असतो. बोईच्या रक्तात समुद्राच्या मानाने सुमारे एक तृतीयांश मीठ असते. बाहेरचे पाणी एकच असले तरी प्रत्येकाच्या आतले पाणी वेगळे आहे, आणि हा फरक क्षणोक्षणी राखावा लागतो. तो सुटला की जीव संपतो.

हा फरक राखणारी गोष्ट म्हणजे पेशीपटल. शालेय पुस्तकांत त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. त्याच्या मेदाच्या थराची जाडी साधारण पाच नॅनोमीटर. असे दोन लाख थर एकावर एक रचले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. इतक्या पातळ थरातून काय आत जाते, काय बाहेर येते आणि काय अडते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा विषय आपल्या विद्यार्थ्यांना नवा नाही. माध्यमिक शाळेतच त्यांची विसरण आणि परासरण यांच्याशी भेट होते. समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी द्रावणे येतात, मिठाच्या पाण्यात पेशी आकसते त्या रसाकुंचनाची आकृती येते. अकरावीत सुगम विसरण, सक्रिय वहन, पेशीय भक्षण यांची भर पडते. पण हे सगळे प्रकारांची यादी म्हणून येते. विद्यार्थी तक्ता पाठ करतो, गुण मिळवतो, आणि एका प्रकाराचा दुसऱ्याशी काय संबंध हे त्याला कळत नाही. या तक्त्याच्या मागे मोजके आणि साधे प्रश्न उभे आहेत, असे माझे म्हणणे आहे. कोणताही रेणू घ्या, कोणतीही पेशी घ्या, तीनच गोष्टी विचारायच्या. उतार कोणत्या बाजूला आहे? त्या रेणूला जायला वाट आहे का? आणि उताराविरुद्ध जायचे असेल तर किंमत कोण मोजतो? या तीन प्रश्नांची उत्तरे आली की प्रकाराचे नाव आपोआप ठरते. हे पुस्तक त्या प्रश्नांभोवती रचले आहे आणि ते समजावण्यासाठी मी मनोरीचा किनारा निवडला, कारण तिन्ही प्रश्न तिथे डोळ्यांसमोर उभे राहतात.

पहिला प्रश्न उताराचा. कोणताही पदार्थ जिथे दाट आहे तिथून जिथे विरळ आहे तिकडे पसरतो. त्यामागे कुणाची इच्छा नसते. रेणू सतत इकडेतिकडे धडकत असतात आणि दाट बाजूकडून निघणाऱ्यांची संख्या जास्त असते, एवढेच. पाण्याचेही तसेच. मिठाच्या बाजूला पाण्याच्या रेणूंना मोकळीक कमी, म्हणून पाणी गोड्या बाजूकडून खाऱ्या बाजूकडे जाते. मासे मिठात घातले की त्यांतले पाणी बाहेर पडते ते यामुळेच, आणि त्या मिठात जंतू टिकत नाहीत याचेही कारण हेच. जंतूच्या पेशीतले पाणी बाहेर खेचले जाते, त्याचे रसाकुंचन होते आणि त्याची वाढ थांबते. सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळीवाड्यांतल्या बायकांनी मीठ आणि ऊन यांच्या जोरावर पावसाळ्याची बेगमी केली. वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांतले पाणी ऊन-वाऱ्याने जाते, खारवलेल्या बांगड्यातले मिठाने. दोन्ही ठिकाणी जंतूच्या पेशीला हवे असलेले पाणी तिच्या हाताबाहेर नेले जाते.

विद्युतभार असलेल्या कणांसाठी उतार आणखी एका गोष्टीने ठरतो. सोडियम आणि पोटॅशियमचे आयन धनभारित असतात, क्लोराइडचे ऋणभारित. पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते. त्यामुळे सोडियमला आत ओढणाऱ्या दोन गोष्टी होतात : बाहेर तो दाट आहे आणि आतला ऋणभार त्याला खेचतो. हा दुहेरी उतार लक्षात ठेवावा, कारण पुढे बरीच कामे त्याच्या जोरावर होतात.

दुसरा प्रश्न वाटेचा. पेशीपटल मुख्यतः मेदाचे आहे, हे अर्नेस्ट ओव्हरटनच्या कामातून पुढे आले. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा शास्त्रज्ञ झुरिकमध्ये काम करत असे. १८९० च्या दशकात त्याने शेकडो पदार्थ जिवंत पेशींवर एकेक करून तपासले. तेलात सहज विरघळणारे पदार्थ झटकन आत शिरत, नुसते पाण्यात विरघळणारे अडून राहत. १९२५ मध्ये लायडेन येथे गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरवला. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली, तेव्हा मेदाचे दोन थर असले पाहिजेत असा निष्कर्ष निघाला. या दोन थरांत प्रथिने रुतलेली असतात आणि बाजूला सरकूही शकतात, हे चित्र १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडले. आज आपण तेच चित्र सुधारून वापरतो.

मेदाच्या या दुहेरी थरातून कोण थेट जाऊ शकतो? प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, मद्यार्क आणि भूल देण्याची बरीचशी औषधे. बोईच्या कल्ल्यांवरून पाणी वाहते तेव्हा त्यातला प्राणवायू कुणाच्याही मदतीशिवाय रक्तात उतरतो. सोडियमच्या आयनाला हे जमत नाही. तो स्वतःभोवती पाण्याचे रेणू धरून असतो. ते सोडून मेदात शिरायचे तर त्याला इतकी ऊर्जा लागते की नुसत्या मेदाच्या थरातून तो पाण्याच्या तुलनेत अब्जावधी पटींनी सावकाश जातो. उतार कितीही तीव्र असो, वाट नसेल तर मीठ जागचे हलत नाही. खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या प्रत्येक जिवाचा पहिला आधार हाच आहे.

पाण्याची गोष्ट अधिक विलक्षण आहे. पाणी मेदातून थोडेफार झिरपते, म्हणून त्याला वेगळ्या वाटेची गरज नाही असे बराच काळ मानले जाई. पण तांबड्या रक्तपेशी आणि मूत्रपिंडातल्या पेशी ज्या वेगाने पाणी आत-बाहेर करतात तो वेग या झिरपण्याने समजावता येत नव्हता. पीटर ॲग्रे यांना रक्तपेशींत एक प्रथिन सापडले होते. १९९२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथिन बनवण्याचा संदेश बेडकाच्या अंड्यांत घातला आणि ती अंडी विरळ पाण्यात ठेवली. साधी अंडी होती तशी राहिली; प्रथिन तयार झालेली अंडी फुगून फुटली. पाण्याची वाट सापडली होती. ॲक्वापोरिन नावाच्या या प्रथिनाच्या एका वाहिनीतून सेकंदाला पाण्याचे सुमारे ३०० कोटी रेणू जातात, तेही एकामागोमाग एक ओळीने. इतके असूनही त्यातून हायड्रोजनचा सुटा आयन जाऊ शकत नाही. तो जाऊ शकला असता तर पेशीच्या आम्लतेचा तोल क्षणात ढळला असता.

वाट कुणासाठी खुली आणि कुणासाठी बंद, हे नुसत्या आकारावर ठरते अशी आपली समजूत असते. पोटॅशियमची वाहिनी ती खोडून काढते. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असतो, तरी पोटॅशियम या वाहिनीतून सहज जातो आणि सोडियम अडतो. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या वाहिनीची रचना उलगडली तेव्हा कारण कळले. वाहिनीच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेले आहेत की पोटॅशियमने आपल्याभोवतीचे पाणी सोडले तरी तितकाच आधार त्याला तिथे मिळतो. सोडियम लहान असल्यामुळे त्याला तो आधार नीट मिळत नाही, मग तो पाणी सोडून आत शिरतच नाही. ॲग्रे आणि मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकत्र मिळाले. निवड कशी होते याचे या दोन शोधांइतके स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे दिसत नाही, म्हणून त्यांना या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

काही रेणूंना अशी सरळ वाहिनी नसते. ग्लुकोजसारख्या रेणूला एक वाहक प्रथिन एका बाजूने धरते, स्वतःचा आकार बदलते आणि दुसऱ्या बाजूला सोडते. मार्वे-मनोरीची फेरीबोट जशी एका खेपेत ठरावीक माणसे नेते आणि धक्क्यावर कितीही गर्दी झाली तरी खेपा वाढत नाहीत, तसे या वाहकांचे आहे. ग्लुकोज वाढत गेले की वेग वाढतो, पण एका मर्यादेनंतर सगळे वाहक गुंतलेले असतात आणि वेग तिथेच थांबतो. मधुमेहात लघवीतून साखर जाते तेही बऱ्याच अंशी यामुळेच. मूत्रपिंडातले वाहक गाळलेली साखर परत घेत असतात. रक्तातली साखर फार वाढली की त्यांची क्षमता संपते आणि उरलेली बाहेर पडते.

आता तिसरा प्रश्न, किमतीचा. तो समजायला तिवरासारखे दुसरे झाड नाही.

तिवराची मुळे पाणी घेताना बहुतेक सगळे मीठ, दहा भागांतले नऊ किंवा त्याहून अधिक, बाहेरच ठेवतात. पाणी मात्र उलट दिशेने, म्हणजे गोड्याकडून खाऱ्याकडे जायला बघत असते. मग मूळ ते आत कसे घेते? पर शोलँडर या नॉर्वेजियन-अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याचा छडा लावला. कापलेली फांदी बंद भांड्यात ठेवून तिच्यावर वायूचा दाब वाढवत न्यायचा आणि कोणत्या दाबाला कापलेल्या टोकाशी रस दिसतो ते पाहायचे, ही त्याची पद्धत. खाऱ्या पाण्यातल्या झाडांच्या रसवाहिन्यांत त्याला ३० ते ६० वातावरणांइतका ऋण दाब, म्हणजे ताण, आढळला. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २५ वातावरणे असतो; त्यावर मात करायला हा ताण पुरतो. हा ताण पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने तयार होतो. १९६८ मध्ये त्याने मुळांना चयापचय थांबवणारी रसायने दिली, तरी मीठ गाळण्याचे काम चालूच राहिले. म्हणजे मुळाशी होणाऱ्या या कामासाठी झाड आपली साठवलेली ऊर्जा खर्च करत नाही. किंमत सूर्य मोजतो. मुळांतल्या पेशींच्या भिंतींवर मेणचट पट्टे असतात, त्यामुळे पाण्याला पेशींच्या फटींतून सुटून जाता येत नाही. त्याला पेशीपटलातूनच जावे लागते, आणि तिथे वाट पाण्याला आहे, मिठाला जवळपास नाही.

तरी थोडे मीठ आत येतेच. रोज थोडे थोडे साठले तरी पाने मरतील. म्हणून तिवराच्या पानांवर मीठ टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या दिवसांत पान जिभेला लावले तर खारट लागते, आणि उन्हात त्यावर मिठाचे बारीक स्फटिक चमकताना दिसतात. इथे मीठ उताराविरुद्ध जाते. त्यासाठी ग्रंथीतल्या पेशी एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, जाळून हायड्रोजनचे आयन पटलापार ढकलतात, आणि त्या आयनांच्या परतीच्या ओढीवर सोडियम हलवला जातो. ही किंमत झाड स्वतः मोजते. एकाच झाडात मुळाशी सूर्याच्या खर्चाने आणि पानाशी स्वतःच्या खर्चाने अशी दोन कामे शेजारी शेजारी चालतात. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडण्यावर बंदी घालणारा निकाल दिला, तेव्हा किनाऱ्याचे रक्षण, माशांची वीण, कार्बनची साठवण ही कारणे पुढे होती. त्यांच्या जोडीला मी आणखी एक ठेवतो : समुद्राचे पाणी गाळण्याचे इतके परिपूर्ण तंत्र शिकवणारी ही झाडे आपल्या दारात उभी आहेत.

उताराविरुद्ध आयन नेणारे पहिले प्रथिन खेकड्यांत सापडले, हे मनोरीच्या वाचकांना आवडेल. डेन्मार्कमध्ये येन्स स्कोऊ यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतले मज्जातंतू घेऊन त्यांत एटीपी तोडणारे एक प्रथिन शोधले. ते सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असले तरच जोमाने काम करत होते. १९५७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हाच सोडियम-पोटॅशियम पंप. एक एटीपी खर्चून तो तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा या एका कामावर जातो. मज्जातंतूतला संदेश, हृदयाचा ठोका, आतड्यातले अन्नशोषण ही सगळी कामे या पंपाने उभ्या केलेल्या उताराच्या जोरावर चालतात.

माशांचे कल्ले हे या पंपाचे दुसरे मोठे ठिकाण. समुद्रातल्या हाडाच्या माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर जात असते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि त्यातले जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. हे करणाऱ्या खास पेशींचे वर्णन अँसेल कीज आणि एडवर्ड विल्मर यांनी १९३२ मध्ये वाम माशाच्या कल्ल्यांवरून केले. या पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो, आणि पाण्याकडच्या बाजूला क्लोराइड बाहेर सोडणारी वाहिनी. नदीच्या गोड्या पाण्यात हा हिशेब उलटा होतो : पाणी आत घुसते आणि मीठ निसटते. पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी उतरते, उन्हाळ्यात समुद्र आत चढतो. जिताडा गोड्या आणि खाऱ्या पाण्यात ये-जा करतो आणि वीण खाऱ्या पाण्याच्या बाजूला जाऊन करतो. त्याच्या कल्ल्यांतल्या पेशींना पाण्याप्रमाणे कामाची दिशा पालटावी लागते. मुशीने वेगळाच मार्ग काढला. ती रक्तात युरिया धरून ठेवते आणि आतली दाटी समुद्राइतकी करते. मग पाण्याला बाहेर जायला उतारच उरत नाही. मुशी शिळी झाली की येणारा उग्र वास याच युरियाचा अमोनिया झाल्याने येतो.

ही माहिती माशांपुरती राहत नाही. माशाच्या कल्ल्यात क्लोराइड बाहेर सोडणारी जी वाहिनी आहे, तिचेच माणसातले रूप आपल्या आतड्यांत आहे. पटकीच्या जंतूचे विष ही वाहिनी उघडी ठेवायला लावते. क्लोराइड आतड्यात वाहून जाते, त्याच्यामागे सोडियम आणि पाणी जाते, आणि माणूस काही तासांत कोरडा पडतो. अशा वेळी नुसते पाणी पाजून भागत नाही. पण आतड्यात एक दुसरी वाट या विषापासून वाचलेली असते. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत नेणारा हा वाहक रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडला. साखर असेल तर सोडियम आत येतो, सोडियममागे पाणी येते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर-मिठाचे द्रावण पिंपांत भरून लोकांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात या शोधाची गणना शतकातल्या बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. जलसंजीवनीच्या पाकिटात सोडियम आणि ग्लुकोजचे रेणू समसमान असतात, ते या जोडीच्या वाहकामुळे. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर जास्त झाली तर उतार उलटतो आणि पाणी आतड्यात ओढले जाते. म्हणून जुलाबात गोड शीतपेये देऊ नयेत. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येणाऱ्या शहरात हे ज्ञान प्रत्येक घरात असायला हवे.

रेणू फार मोठा असेल, किंवा एकदम पुष्कळ माल हलवायचा असेल, तर पटल स्वतःच दुमडून पिशवी करते. इन्शुलिन असेच पेशीबाहेर येते, पांढऱ्या पेशी जंतूंना असेच गिळतात. या पिशव्यांची ये-जा कशी ठरते याच्या शोधासाठी २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल रॉथमन, शेकमन आणि स्युडोफ यांना मिळाले. तो विषय एका वेगळ्या पुस्तकाइतका मोठा आहे. इथे त्याची तोंडओळख शेवटच्या प्रकरणात आहे. त्याच प्रकरणात क्षयाच्या जंतूची मेणचट भिंत आणि आत शिरलेली औषधे पुन्हा बाहेर फेकणारे जंतूंचे पंप येतात. मुंबईत औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाशी झुंजणाऱ्या डॉक्टरांना रोज भेडसावणारा प्रश्नही अखेर वाटेचाच आहे : औषध जंतूच्या आत पोचते का, आणि आत टिकते का?

आता मनोरीच्या दारात एक नवे पटल येऊ घातले आहे. मुंबई महानगरपालिकेने इथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प योजला आहे, सुरुवातीला दररोज २०० दशलक्ष लिटरचा आणि पुढे ४०० दशलक्ष लिटरपर्यंत वाढवता येईल असा. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते, म्हणजे पहिला टप्पा त्याच्या विसाव्या हिश्शाएवढा. पाऊस लांबला की तलावांकडे डोळे लावून बसणाऱ्या शहराला हा आधार का हवासा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. तंत्र तिवराच्या मुळाचेच आहे. फरक इतकाच की झाड वरून ताणते आणि यंत्र खालून दाबते. हे तंत्र व्यवहारात आणण्यात एका भारतीयाचा वाटा मोठा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल बनवले, ज्याचा वरचा गाळणारा थर अत्यंत पातळ होता आणि खालचा आधार सच्छिद्र. त्यामुळे मीठ अडवूनही पाणी उपयोगी पडेल इतक्या वेगाने मिळू लागले.

इथेही तेच तीन प्रश्न लागू होतात. उतार पाण्याला समुद्राकडे ओढतो, म्हणून यंत्राला ५५ ते ७० वातावरणांइतका दाब द्यावा लागतो. वाट कृत्रिम पटलाची आहे. किंमत विजेची आहे : आजच्या चांगल्या प्रकल्पांतही हजार लिटर गोड्या पाण्याला तीन ते चार युनिट. त्या हिशेबाने २०० दशलक्ष लिटरला रोज सहा ते आठ लाख युनिट लागतील. शास्त्राने घालून दिलेली किमान मर्यादा, निम्मे पाणी काढून घ्यायचे झाले तर, सुमारे एक युनिटची आहे. तिच्याखाली कोणतेही यंत्र जाऊ शकणार नाही. आणि अडवलेले मीठ नाहीसे होत नाही. निम्मे पाणी गोडे करून घेतले तर उरलेल्या निम्म्याचा खारेपणा दुप्पट होतो. ते पाणी कुठे सोडायचे, किती खोल, किती विरळ करून, कोणत्या ऋतूत, हे प्रश्न अभियंत्यांइतकेच जिताड्याच्या कल्ल्यांचे आणि त्याच्यावर पोट असलेल्या कोळ्यांचेही आहेत. दुप्पट खाऱ्या पाण्यात मीठ बाहेर टाकणाऱ्या जिवांच्या पंपांना जास्त एटीपी जाळावे लागते. त्याची नोंद प्रकल्पाच्या वीजबिलात येत नाही, पण किंमत कोणीतरी मोजतच असते.

हे पुस्तक मी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या जिज्ञासू वाचकांसाठी लिहिले आहे. गणित थोडे आहे आणि ते वेगळ्या चौकटीत ठेवले आहे. ते गाळून वाचले तरी धागा तुटत नाही. पारिभाषिक शब्द शालेय पुस्तकांतलेच वापरले आहेत, जेणेकरून वाचकाला दोन भाषांचा भार वाहावा लागू नये. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरी किंवा शाळेत करता येतील असे प्रयोग दिले आहेत : मिठाच्या पाण्यातली बटाट्याची फोड, पाण्यात फुगणारा मनुका साखरेच्या पाकात फुगेनासा कधी होतो ते पाहणे, कांद्याच्या पापुद्र्यातले रसाकुंचन. शिक्षकांना विनंती आहे की प्रयोग आधी करून घ्यावा आणि व्याख्या नंतर लिहून द्यावी.

वाचकाला एकच सांगणे आहे. पुढे कोणतेही प्रकरण उघडा, कोणत्याही रेणूची गोष्ट वाचा, आधी स्वतः तीन प्रश्न विचारा आणि उत्तराचा अंदाज करा. मग पुढचे पान उलटा. अंदाज चुकेल तिथेच खरे शिकणे होईल. आणि ही सवय पुस्तकापुरती ठेवू नका. औषधाची चिठ्ठी हातात पडते तेव्हा, नळाला लावलेल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची जाहिरात समोर येते तेव्हा, गावात मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी होते तेव्हा हेच प्रश्न उपयोगी पडतात. काय कुठून कुठे जाते आहे, कोणत्या वाटेने, आणि त्याची किंमत कोण देतो, हे मनोरीच्या कोळ्याने, तिथल्या शेतकऱ्याने, तिथल्या शाळेतल्या मुलीने ठामपणे आणि अचूक आकड्यांनिशी विचारावे, यासाठी हे ज्ञान मराठीत असणे मला आवश्यक वाटते.